पालवणकर बाळू : इंग्लंडचा एक हंगाम आणि एक पेला चहा



कोल्हापुरात मुलांना शिकवायचं म्हणजे फुटबॉलशी गाठ ठरलेलीच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर आले की दुसऱ्या दिवशी वर्गात गणित मागे पडतं आणि कालचा गोल ऑफसाइड होता की नव्हता यावरच तास जातो. त्यात आता घरोघरी मोबाइल. सातच्या पाढ्यात अडखळणारा मुलगा इंग्लंडच्या लीगमध्ये कोणता क्लब कितव्या नंबरवर आहे, हे मात्र न चुकता सांगतो. यात वाईट काही नाही. मुलाला ज्याची गोडी आहे तिथूनच शिकवायला सुरुवात करावी, हे आपल्याला डी.एड.लाच शिकवलंय.

म्हणून यावेळी पूरक वाचनासाठी एक खेळाडू निवडलाय. खेळ फुटबॉल नाही, क्रिकेट आहे. पण इंग्लंडात जाऊन तिथल्या क्लबांविरुद्ध अख्खा हंगाम गाजवणारा मराठी बोलणारा माणूस कोण, असं मुलांनी विचारलं तर पहिलं नाव यांचंच घ्यावं लागेल. पालवणकर बाळू. साल १९११. म्हणजे भारताने पहिला कसोटी सामना खेळण्याच्या तब्बल २१ वर्षं आधी.

क्रीडावीराची गोष्ट म्हणून सांगितली तर ही दहा मिनिटांत संपते. पण तेवढीच सांगू नका. या माणसाच्या आयुष्यात एक प्रश्न सारखा पुढे येतो, आणि तो आजही आपल्या शाळेत, आपल्या घरात उभा आहे. तुमच्या हातातली कला आम्हाला हवी, पण तुम्ही आमच्या पंगतीला नको, याला काय म्हणायचं?

तीन रुपये पगार

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातलं. पालवण हे गाव, त्यावरून पालवणकर. जात चांभार. त्या काळच्या समाजात अस्पृश्य मानलेली. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. पुण्याच्या लष्करी भागात गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे आणि त्यांनी टाकून दिलेलं सामान पोरांच्या हाती लागायचं. त्या सामानावरच बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ खेळ शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे ते भाऊ. पुढे तेही नामवंत क्रिकेटपटू झाले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघंही मोठ्या दर्जाचे खेळाडू.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिन्याला तीन रुपये. अधूनमधून क्लबातले लोक त्यांना गोलंदाजी करायला सांगत. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले. पगार एक रुपयाने वाढला, म्हणजे चार रुपये. इथेही रोलर फिरवणं, खेळपट्टी आखणं, सरावाच्या जाळ्या लावणं हीच कामं. ती उरकली की साहेब लोकांना सराव देण्यासाठी गोलंदाजी करायची.

इथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्या. बाळूंना प्रशिक्षक नव्हता, शिबिर नव्हतं, बूटसुद्धा बहुधा दुसऱ्याचेच. त्यांच्याकडे होता तो रोज तासन्‌तासांचा सराव आणि समोर चांगले फलंदाज. बघून बघून, टाकून टाकून ते डावखुरी फिरकी शिकले. चेंडू कधी उंच सोडायचा, कधी सपाट, वेग कुठे कमी करायचा, फलंदाजाचा पाय कुठे पडतोय, हे सगळं त्यांना जिमखान्याच्या जाळीत उमगलं.

त्या काळात पुण्यात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज होते. ते रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळूंनी आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा ग्रेग यांचा रिवाज होता असं सांगतात. महिन्याला चार रुपये पगार असलेल्या माणसाला एका विकेटला आठ आणे! मुलांना हे गणित घाला. किती विकेट घेतल्या म्हणजे महिन्याचा पगार सुटला? उत्तर आठ. इतिहासाच्या तासाला गणितही होऊन जातं.

पण त्या जिमखान्यात बाळूंना कुणी बॅट दिली नाही. हजारो चेंडू टाकून घेतले, फलंदाजी मात्र एकदाही करू दिली नाही. फलंदाजी साहेबांची आणि मेहनतीची गोलंदाजी नोकराची, असाच तो हिशेब होता.

मातीचा पेला

बाळूंच्या फिरकीची ख्याती पुण्यात पसरली. शहरातल्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचं होतं. हरवू शकेल असा गोलंदाज गावातच होता, पण तो अस्पृश्य होता. त्याला संघात घ्यायचं की नाही यावर वाद झाले. काही सदस्यांचा ठाम विरोध होता, काहींनी बाजू घेतली. शेवटी जिंकायची इच्छा सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

आता पुढचं नीट वाचा, आणि वर्गात वाचून दाखवताना इथे थोडं थांबा.

मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. त्याच चेंडूवर झेल घेत, तोच चेंडू अंगाला पुसून लकाकी आणत. तिथे विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या पेल्यातून चहा मिळायचा. पिऊन झाला की पेला फेकून द्यायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर अस्पृश्य गड्यानेच ते ओतायचं. थोड्या वेळाने पुन्हा मैदानात जायचं आणि ज्यांनी बाहेर बसवलं त्यांच्यासाठी विकेट काढायच्या.

हे काही वर्षं चाललं. बाळू विकेट घेत गेले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात त्यांनी सात बळी घेतले आणि पुण्याच्या संघाने गोऱ्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्या काळी सातारा म्हणजे साहेबांचा बालेकिल्ला. पुण्यात जल्लोष झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला आणि खेळाडूंना चार शब्द सुनावले. मैदानात बाळूंसोबत खेळता, तर त्यांच्यासोबत खाण्यापिण्यात कमीपणा कसला, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. पुढे ही बंधनं हळूहळू सैल होत गेली. पण लक्षात घ्या, चहाचा पेला बदलायला आधी कित्येक विकेट घ्याव्या लागल्या. ज्याला विकेट घेता येत नव्हत्या, त्या सामान्य माणसाचा पेला कोण बदलणार होतं?

आपल्या कोल्हापूरच्या मुलांना इथे एक दुवा लगेच जोडून देता येतो. राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार? महाराजांनी गाडी हॉटेलासमोर उभी करायला सुरुवात केली. स्वतः तिथला चहा घ्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचा. राजाने घेतलेला चहा नाकारायची कुणाची टाप? बाळूंना चहा बाहेर मिळत होता आणि इथे राजा स्वतः बाहेर येऊन चहा मागत होता. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अस्पृश्यता म्हणजे काय हे पाचवीच्या मुलालाही वेगळं सांगावं लागत नाही.

मुंबई आणि १९०६ चा विजय

प्लेगच्या त्या वर्षांत बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा तेच वाद. काही सदस्यांची ना होती. संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला म्हणून प्रवेश झाला. बाळूंनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले.

त्या वेळचं मुंबईचं क्रिकेट धर्मानुसार वाटलेलं होतं. युरोपियन, पारशी, हिंदू आणि पुढे मुसलमान असे संघ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. दिवस स्वदेशीचे, बंगालच्या फाळणीवरून देश तापलेला. मैदानाभोवती हजारोंची गर्दी. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा, युरोपियनांच्या १९१. हिंदूंच्या दुसऱ्या डावात १६०. युरोपियनांना जिंकायला २१२ हवे होते आणि ते १०२ धावांत गारद झाले. १०९ धावांनी विजय. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही याच संघात होते. पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, पुन्हा हिंदू जिंकले, यावेळी २३८ धावांनी.

या विजयानंतर सुधारकांच्या वृत्तपत्रांनी धावसंख्येइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची दखल घेतली. पुण्यात ज्या माणसाला बाहेर चहा दिला जायचा, तो मुंबईत संघाबरोबर एका पंगतीला बसून जेवतो आहे, हा त्यांच्या दृष्टीने सामन्यापेक्षाही मोठा विजय होता.

इंग्लंडचा हंगाम

आता येऊ १९११ वर. इंग्लंडात पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचं वर्ष. त्या उन्हाळ्यात सगळ्या हिंदुस्थानचा म्हणून एक संघ प्रथमच इंग्लंडला गेला. त्याआधी पारशांचे संघ गेले होते, पण पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळे एकत्र पहिल्यांदाच. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग, वय अवघं १९. हिंदू खेळाडूंमध्ये बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ.

मुलांना लीग म्हणजे काय ते माहीतच आहे, म्हणून हेही सांगा. इंग्लंडात क्रिकेटचे क्लब काउंटीचे, म्हणजे परगण्यांचे असतात. त्यांची आपसांत काउंटी चॅम्पियनशिप चालते, तिचा गुणतक्ता असतो. १९११ ची ती स्पर्धा वॉरविकशायरने जिंकली. आपला संघ त्या गुणतक्त्यात नव्हता. पण तक्त्यातल्या काउंट्यांशी, ऑक्सफर्ड-केंब्रिज विद्यापीठांशी आणि एमसीसीसारख्या संघांशी त्याला उन्हाळाभर एकामागून एक खेळायचं होतं. एकूण २३ सामने. बरेचसे तीन-तीन दिवसांचे. आज या गावी, परवा त्या गावी. सामना संपला की सामान बांधून रेल्वे गाठायची.

कर्णधार महाराजांना दरबारी समारंभांची आमंत्रणं होती, त्यामुळे ते मोजकेच सामने खेळले. संघ तिथल्या हवेला, खेळपट्ट्यांना नवखा होता. सुरुवातीला पराभवांमागून पराभव झाले. अशा वेळी एका टोकाकडून चेंडू टाकत राहिले ते बाळू. वय पस्तिशीचं. खांदा दुखत होता. तो उन्हाळाही इंग्लंडच्या मानाने फार कडक आणि कोरडा होता, म्हणजे खेळपट्ट्या टणक आणि फलंदाजांच्या सोयीच्या.

केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. प्रथम श्रेणीतली ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लीसेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी. त्याच सामन्यात डॉ. कांगा यांनी १६३ धावा काढल्या आणि काउंटी संघावरचा पहिला विजय पदरी पडला. पुढे टाँटनला सॉमरसेटविरुद्ध सामना रंगत गेला आणि आपला संघ फक्त एक गडी राखून जिंकला. त्या सामन्यात नाबाद ११३ धावा कुणाच्या? धाकट्या भावाच्या, शिवरामच्या.

हंगामाचा हिशेब असा. २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. संघ म्हणून बघाल तर निकाल फारसा बरा नाही. पण बाळूंचे बळी ११४, आणि प्रत्येक बळीमागे १९ पेक्षा कमी धावा. हरणाऱ्या संघाकडून शंभरावर बळी घेणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्या मुलांना चांगलं कळतं. जिंकणाऱ्या संघात चमकणं सोपं असतं. आपला संघ हरतोय, झेल सुटतायत, खांदा दुखतोय आणि तरी पुढचं षटक तितक्याच मन लावून टाकायचं, हे अवघड.

शाहू महाराजही १९०२ साली एका राज्याभिषेकासाठीच इंग्लंडला गेले होते, सातव्या एडवर्डच्या. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ चा आदेश निघाला आणि करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या. तो आदेश आणि बाळूंचा हंगाम या दोन गोष्टींत नऊ वर्षांचं अंतर आहे, पण मुद्दा एकच. जागा मिळाली तर माणूस काय करून दाखवतो, हे आधी जागा दिल्याशिवाय कळत नाही.

मानपत्र

बाळू परतले तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र लिहिलं होतं एका विशीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने. नाव भीमराव रामजी आंबेडकर. डॉक्टर, बॅरिस्टर, राज्यघटनेचे शिल्पकार हे सगळं पुढचं. त्या दिवशी तो तरुण समाजातल्या एका कर्तबगार माणसाचा गौरव लिहीत होता. ज्या पिढीला वर्गाबाहेर बसवलं गेलं, त्या पिढीला साहेबाला साहेबाच्या देशात जाऊन बाद करणारा आपला माणूस दिसला. त्याचं मोल आकड्यांत सांगता येणार नाही.

कर्णधार कोण?

इतकं सगळं झाल्यावर हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंकडे आपोआप यायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. आलं नाही. १९१२ पासून मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले. संघात सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी गोलंदाज बाळू, पण कर्णधार दरवर्षी दुसराच. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांचा मोठेपणा असा की आपल्याच सत्कारात त्यांनी हा मान खरं तर बाळूंचा होता, असं उघड सांगून टाकलं. पण नुसत्या सांगण्याने काय होतं?

१९२० साली तर कहर झाला. पै आजारी असल्याने कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून लोकांसमोर मांडली. जातीमुळे आमच्या भावाला डावललं जातंय, हे त्यांनी न घाबरता सांगितलं. लोकमत पेटलं. अखेर अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै परत कर्णधार म्हणून आले, बाळू उपकर्णधार झाले आणि भाऊही परतले. सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळिशी गाठलेल्या माणसाला जे मिळालं ते एवढंच.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या जवळच्या माणगावात परिषद भरली होती. शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर होते. वर्ष एकच, प्रश्नही एकच. नेतृत्व कुणाकडे जाणार?

उत्तर यायला आणखी तीन वर्षं लागली. १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार म्हणून विठ्ठल पालवणकर यांची निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. ज्या घरातल्या थोरल्याला बाहेर चहा दिला जायचा, त्याच घरातल्या धाकट्याला गर्दीने डोक्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आपलं आत्मचरित्रही लिहिलं. बाळूंना मात्र ते पद कधीच मिळालं नाही.

मैदानानंतर

पुढे बाळू सार्वजनिक जीवनात आले. इथे मुलांना एक गोष्ट जपून सांगावी लागते. ज्या आंबेडकरांनी त्यांचं मानपत्र लिहिलं, त्यांच्याशीच पुढे बाळूंचे मतभेद झाले. बाळूंचा कल गांधीजींकडे होता. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते, करारावर त्यांची सही आहे. बाबासाहेबांची धर्मांतराची भूमिका त्यांना मान्य नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्याच विरोधात उभं केलं. बाबासाहेब जिंकले, बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले.

मोठी मुलं विचारतील, मग बरोबर कोण? यावर आपण निकाल द्यायला बसू नये, असं मला वाटतं. दोघांना एकच अन्याय सोसावा लागला होता, त्यातून बाहेर पडायची वाट दोघांची वेगळी होती. एका घरातल्या भावांचीही मतं वेगळी असतात. मात्र चरित्र शिकवताना असे कोपरे झाकून ठेवू नयेत. झाकलं की माणसाची मूर्ती होते, आणि मूर्तीकडून मुलं फक्त नमस्कार शिकतात.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी अवघी १५.२१. कसोटी सामना एकही नाही, कारण भारत कसोटी खेळू लागला तोवर त्यांचा काळ सरला होता.

आपण वर्गात आणि घरात काय करू शकतो?

शिक्षकहो, ही गोष्ट सांगून झाल्यावर आपल्याच मैदानाकडे एकदा बघा. खेळाच्या तासाला चुना मारायला, जाळी बांधायला, साहित्य उचलून आणायला आपण कोणाला पाठवतो? रोज तीच दोन-चार मुलं असतात का? आणि कर्णधार म्हणून कोणाचं नाव पटकन तोंडात येतं? ज्याच्याकडे स्वतःची बॅट आहे त्याचं? ज्याचे वडील शाळा व्यवस्थापन समितीत आहेत त्याचं? मुली मैदानावर असतात की कडेला बसून गुण लिहितात? बाळूंना कितीतरी वर्षं चेंडू मिळाला, बॅट मिळाली नाही. आपल्या शाळेत असं कुणाचं होत नाही ना, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

करून बघण्यासारख्या तीन साध्या गोष्टी:

१. दर आठवड्याला कर्णधार बदला, हजेरीच्या क्रमाने. गप्प बसणाऱ्या मुलालाही आपली पाळी येणार हे माहीत असलं की तो खेळाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

२. मैदानाची कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची, कर्णधारानेसुद्धा. रोलर फिरवणारा आणि फलंदाजी करणारा वेगळा नको.

३. पोषण आहाराच्या वेळी मुलं कुणाशेजारी बसतात, कुणाला टाळतात, हे काही न बोलता आठवडाभर बघा. मग जागा बदलून बसवा. भाषण देऊ नका, फक्त जागा बदला.

आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. आपल्या घरी काम करायला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपातून देतो, ते बघा. अनेक घरांत तो कप वेगळा असतो. खिडकीत, नाहीतर मोरीजवळ पालथा घातलेला. कुणी मुद्दाम वाईट हेतूने ठेवलेला नसतो, वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून असतो. पण घरातलं लहान मूल तो कप रोज बघतं. आपण शाळेत समतेचे कितीही पाठ घेतले तरी त्या एका कपाचा पाठ जास्त पक्का होतो.

मुलांसाठी प्रश्न

* बाळूंना संघात घ्यायला काही लोकांचा विरोध का होता? तरीही त्यांना का घेतलं?
* चेंडूला विटाळ होत नव्हता, मग कपाला का होत होता? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.
* शिवराम आणि विठ्ठल यांनी १९२० साली संघातून माघार घेतली. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
* बाळू आणि गंगाराम कांबळे यांच्या गोष्टींत सारखं काय आणि वेगळं काय?
* तुमच्या गल्लीतल्या किंवा तालमीच्या संघात सामान कोण उचलतं? त्याला खेळायला मिळतं का?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मुलांना मोठ्याने वाचायला लावू नका. वह्या गोळा करा आणि शांतपणे वाचा. वर्गात कोण रोज बाहेर उभं राहतंय, ते त्या वह्यांत सापडेल.